तेजस 'पहिलं' असेल तर एचटी-२ काय होतं?

सध्या फिरत असलेला मेसेज थोडक्यात असा: तेजस हे भारतात डिझाइन झालेलं पहिलंच विमान, त्याआधी एचएएलमध्ये (बंगळूरच्या सरकारी विमान कंपनीत) नुसते परदेशी विमानांचे नटबोल्ट आवळायचे, आणि त्या घाटग्यांनी काय केलं तर इंग्रजांचं चिपमंक (हे शिकाऊ विमान खरं तर कॅनडात डिझाइन झालेलं) कॉपी केलं.

आधी तारखा बघा. तेजस पहिल्यांदा उडालं ४ जानेवारी २००१ ला. एचएएलचे डिझायनर डॉ. विष्णू माधव घाटगे आणि त्यांच्या टीमचं एचटी-२ हे शिकाऊ विमान उडालं ५ ऑगस्ट १९५१ ला. विषय इथेच संपायला हवा खरं तर, पण असो.

आता कॉपी. दोन्ही फोटो शेजारी ठेवले की सारखे दिसतात हे खरंय, अहो पण दिसणारच ना, शिकाऊ पायलटसाठीचं विमान आहे, दोन सीट एकामागे एक, पंख खाली, चाकं आत न जाणारी, शेपटीखाली छोटं चाक आणि पुढे उलटं बसवलेलं चार सिलिंडरचं इंजिन. उलटं का, तर क्रँकशाफ्ट वर राहतो, म्हणजे प्रोपेलर जमिनीपासून उंच राहतो आणि सिलिंडर खाली गेल्यामुळे पायलटला नाकावरून पुढचं बरं दिसतं. काम एकच असलं की तोंडवळा जुळतोच. इंजिनही वेगळं, चिपमंकला जिप्सी मेजर, तर पहिला नमुना सोडला तर कारखान्यातून निघालेल्या एचटी-२ ला १५५ हॉर्सपॉवरचं सिरस मेजर. आणि दुसऱ्याचंच विमान बनवायचं असतं तर सरळ लायसन्स घेता आलं असतं की, प्रेंटिस हे ब्रिटिश शिकाऊ विमान एचएएल तसंच उघडपणे बनवत होती.

शिवाय घाटगे काही कुणाची ड्रॉइंग गिरवणारे नव्हते. ग्योटिंगेनला त्यांची पीएचडी साक्षात लुडविग प्रांटलकडे, म्हणजे १९०४ मध्ये ज्यांनी बाउंडरी लेयर (पृष्ठभागाला लागून वाहणारा हवेचा पातळ थर) मांडला ते. बंगळूरच्या आयआयएससीत (इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये) १९४२ ला एअरोनॉटिक्स विभाग सुरू झाला तोही घाटग्यांच्याच हाताखाली.

'एखादा नमुना उडवला असेल' म्हणणाऱ्यांसाठी: दीडशेच्या वर एचटी-२ बनली, आपल्या हवाई दलाच्या पोरांनी त्यावर हात बसवला, घानाच्या हवाई दलालाही १२ गेली.

'सगळं कुर्ट टँकने शिकवलं' हेही कुणीतरी खाली चिकटवलंय. टँक हा जर्मन विमान डिझायनर, मोठा माणूस, वाद नाही, पण तो भारतात आला १९५६ ला, तेव्हा एचटी-२ उडून पाच वर्षं झाली होती. १९६४ चं किरण जेट ट्रेनरही घाटग्यांच्याच काळातलं.

इंजिनं बाहेरची होती, हे मात्र शंभर टक्के मान्य. पण तो नियम लावायचा तर तेजसचं एफ-४०४ इंजिन कुठलंय तेही बघा, अमेरिकेचं.

आणि आता कुणी 'पहिलं' च्या पुढे 'लढाऊ' घालून मेसेज वाचवू म्हणेल, तर बंगळूरलाच टँकच्या हाताखाली डिझाइन झालेलं मारुत हे लढाऊ जेट १७ जून १९६१ ला उडालंय.