इंग्लंडची जुनी पॅरिश रजिस्टरं: ‘नाव टाका, पूर्वज मिळवा’ हे खरं नाही

वंशावळ शोधणाऱ्यांमध्ये एक संदेश खूप फिरतो आहे. त्याचा आशय असा: इंग्लंडमध्ये १५३८ पासून प्रत्येकाचा जन्म, लग्न आणि मृत्यू चर्चच्या वहीत लिहिलेला आहे, या सगळ्या वह्या आता ऑनलाइन आहेत, नाव आणि गाव टाकलं की पूर्वज सापडतो, पान फाटलं किंवा पुसलं असेल तर मात्र धागा कायमचा तुटला. सासर-माहेरचं एखादं इंग्रज नातं असलेली मराठी कुटुंबंही यावर विसंबून शोध सुरू करतात आणि चुकीच्या माणसाला पणजोबा ठरवून मोकळी होतात. म्हणून यातला एकेक दावा तपासू. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला परिसर, आणि पॅरिश रजिस्टर म्हणजे त्या चर्चची नोंदवही.

‘१५३८ पासून प्रत्येकाची नोंद आहे.’ आठव्या हेन्री राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने ५ सप्टेंबर १५३८ रोजी तसा हुकूम काढला, एवढं खरं. पण सुरुवातीच्या नोंदी बहुतेक ठिकाणी साध्या कागदावर होत्या. त्या टिकेनात म्हणून १५९८ मध्ये त्यांच्या चर्मपत्रावर नकला करायचा नियम आला. नकला विशेषतः एलिझाबेथ राणी गादीवर आल्यापासूनच्या, म्हणजे १५५८ पासूनच्या कराव्यात, अशी त्यात सवलत होती. त्यामुळे कितीतरी गावांची रजिस्टरं १५५८ लाच सुरू होतात. आधीची वीस वर्षं कोणी उतरवलीच नाहीत. शिवाय ही नोंद जन्माची नसते, बाप्तिस्म्याची असते. बाप्तिस्म्याआधी दगावलेलं मूल सहसा तिथे दिसत नाही, आणि काहींचा बाप्तिस्मा थेट मोठेपणी झालेला असतो. इंग्लंडच्या अधिकृत चर्चबाहेरचे क्वेकर, बाप्टिस्ट, कॅथलिक, ज्यू यांच्या नोंदी वेगळ्या. १६४२ ते १६६० या यादवीच्या आणि प्रजासत्ताकाच्या काळात बऱ्याच वह्यांत मोठी खिंडारं आहेत. १७८३ ते १७९४ मध्ये प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर होता. गरिबांना तो माफ असे, त्यामुळे त्या वर्षांत ‘गरीब’ असा शेरा दिसला तर तो शब्दशः घेऊ नये. सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी सुरू झाली ती १ जुलै १८३७ ला.

‘सगळं ऑनलाइन आहे.’ बरंच आहे, सगळं नाही. काही काउंट्यांच्या (तिथल्या जिल्ह्यांच्या) प्रतिमा पैसे भरून दिसतात, काहींच्या फक्त त्या काउंटीच्या अभिलेखागारात. फॅमिलीसर्च आणि फ्रीरेग ही संकेतस्थळं मोफत आहेत, पण तिथे अनेकदा मिळते ती सूची, म्हणजे कोणीतरी केलेलं वाचन. जुना लांब ‘एस’ ‘एफ’सारखा दिसतो, मोठा ‘एल’ आणि मोठा ‘एस’ एकमेकांसारखे दिसतात, आणि ‘एम’, ‘एन’, ‘यू’, ‘आय’ म्हणजे नुसत्या उभ्या काड्यांची रांग. अशा वेळी आडनावाची जागा रिकामी ठेवा. मुलाचं नाव, बापाचं नाव, पॅरिश आणि पाच-पाच वर्षांचा काळ टाकून शोधा. तरीही न सापडल्यास प्रतिमा एकेक पान करून चाळा. सूचीत नाही म्हणजे वहीत नाही, असं होत नाही.

‘पान खराब म्हणजे धागा तुटला.’ सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होतं, कारण इथेच लोक हात टेकतात.

आधी पान का खराब होतं ते बघू. त्या काळची शाई माजूफळ, हिराकस आणि डिंक यांची. ओल आणि उजेड लागला की ती फिकट तपकिरी होते, पण तिचे अंश चर्मपत्रात शिल्लक राहतात. अतिनील प्रकाशात चर्मपत्र चमकतं, शाईची जागा काळी राहते आणि डोळ्यांना न दिसणारी ओळ वाचता येते. अनेक अभिलेखागारांत असा दिवा असतो. तो मागून घ्यावा. पूर्वी काही अभ्यासक पुसट ओळींवर माजूफळाचा अर्क फासत. अक्षरं घटकाभर उठून दिसत, मग तो भाग कायमचा काळपट पडे. असे डाग आजही भेटतात. चर्मपत्र म्हणजे कातडं. ओलीने ते आकसतं, सुरकुततं. ते सपाट करण्याचं काम संवर्धकाचं, वाचकाचं नाही.

घरबसल्या काम करायचं तर रंगीत प्रतिमा मिळवा. जुन्या मायक्रोफिल्मच्या काळ्या-पांढऱ्या प्रतीत डाग आणि शाई एकच होऊन जातात. गिंपसारख्या मोफत प्रोग्राममध्ये प्रतिमेचे लाल, हिरवा, निळा असे तीन थर वेगळे करा. फिकट तपकिरी शाई बहुधा निळ्या थरात गडद दिसते. उलट काळी शाई पिवळ्या-तपकिरी डागाखाली दडली असेल तर लाल थर बघा, तिथे डाग विरळ होतो. पण जुनी फिल्म टाकाऊ समजू नका. पान नंतर आणखी झिजलं असेल, तर फिल्म घेतली तेव्हा ते जास्त वाचता येत असेल. एकोणिसाव्या-विसाव्या शतकात छापून निघालेल्या रजिस्टरांचंही तसंच. लंडनच्या १७८० ते १८३७ च्या विवाहांच्या पॅलट सूचीत तर दुसऱ्या महायुद्धात नष्ट झालेल्या काही रजिस्टरांतल्या नोंदीही आहेत.

आणि मुख्य गोष्ट म्हणजे दुसरी प्रत. १५९८ पासून प्रत्येक पॅरिशने वर्षभराच्या नोंदींची नक्कल बिशपकडे, म्हणजे त्या भागाच्या वरिष्ठ धर्माधिकाऱ्याकडे पाठवायची होती. या बिशपच्या प्रती वेगळ्या इमारतीत, वेगळ्या हवेत राहिल्या. समजा, १६९४ च्या पानाची कड उंदरांनी खाल्ली आहे. थॉमस कार्टरच्या मुलाच्या नावातला शेवटचा ‘एन’ तेवढा उरला आहे, तारीख ९ मे. जॉन, सायमन, स्टीफन, बेंजामिन, काहीही असू शकतं. त्याच हाताच्या वरच्या-खालच्या ओळींवरून मोकळ्या जागेत किती अक्षरं मावतात ते मोजा. ‘एन’च्या आधी चारच मावत असतील तर बेंजामिन बाद, स्टीफनही बाद. मग बिशपची प्रत काढा. ती साधारण २५ मार्च ते पुढच्या वर्षीच्या २४ मार्चची असते, म्हणून ९ मे १६९४ हा दिवस १६९४-९५ च्या पत्रकात मिळेल. थॉमस कार्टरचं मृत्युपत्र असेल तर तेही वाचा. त्यात मुलांची नावं बहुधा येतात.

या प्रतींनाही मर्यादा आहेत. लेखनिक वर्षातून एकदा उतरवायला बसला की ओळ सुटते. उलट, दोन्ही एकाच कच्च्या वहीवरून उतरवल्या असतील तर बिशपच्या प्रतीत जास्त तपशीलही सापडतो. लंडनच्या बिशपच्या हद्दीत १८०० च्या आधीच्या प्रती फारच तुरळक आहेत. काही पॅरिश बिशपच्या अधिकाराबाहेर होत्या, त्यांच्या प्रती दुसरीकडे शोधाव्या लागतात.

नकलेचा हाच उपयोग आपल्याकडेही होतो. मुंबई इलाख्यातल्या पाद्र्यांकडच्या नोंदींच्या नकला लंडनला जात. १७०९ ते १९४८ च्या या नकला ब्रिटिश लायब्ररीत ‘एन/३’ या मालिकेत आहेत. खडकी किंवा पुण्याच्या छावणीतल्या चर्चची मूळ वही वाळवीने खाल्ली असली, तरी तिथे बघितल्याशिवाय शोध सोडू नये.

‘आयर्लंडप्रमाणे इंग्लंडच्याही नोंदी जळाल्या’ अशी पुरवणी काही जण या संदेशाला जोडतात. १९२२ ची आग आयर्लंडमधल्या डब्लिनच्या अभिलेखागाराची होती. इंग्लंडच्या पॅरिश रजिस्टरांशी तिचा संबंध नाही.

‘नाव आणि गाव जुळलं की तोच पूर्वज.’ एका पॅरिशमध्ये एकाच दशकात तीन जॉन कार्टर सहज असतात. म्हणून बाप्तिस्मा सापडला की पुढच्या वीस-पंचवीस वर्षांची दफनं आधी तपासा. मूल लहानपणीच गेलं असेल तर ते कोणाचाच पूर्वज नाही, आणि तेच नाव पुढच्या भावाला दिलेलं असू शकतं. इथे तारखांनी फसू नका. १७५२ पूर्वी वर्ष २५ मार्चला बदलत असे. बाप्तिस्मा १० एप्रिल १७१२ आणि दफन २० जानेवारी १७१२ असं लिहिलेलं दिसलं, तर ते मूल नऊ महिने जगलं; ते दफन आजच्या हिशोबाने १७१३ मधलं.

त्यानंतर त्या पॅरिशमधले आणि आसपासच्या पंधरा किलोमीटरमधल्या पॅरिशमधले त्या आडनावाचे सगळे लोक पन्नास वर्षांच्या पट्ट्यात मांडा आणि कुटुंबं वेगळी करा. २५ मार्च १७५४ पासून विवाह नोंदीवर वधूवरांची सही किंवा खूण असते. एकाच नावाचे दोन नवरदेव सह्यांवरून वेगळे काढता येतात. १८१३ पासूनच्या छापील बाप्तिस्मा नोंदीत बापाचा धंदा आणि राहण्याचं ठिकाणही मिळतं. गरीब कुटुंब असेल तर पॅरिशच्या वसतिहक्काच्या जबान्या बघा, म्हणजे गरिबाला कोणत्या पॅरिशने सांभाळायचं हे ठरवायला घेतलेल्या जबान्या. माणूस कुठे जन्मला, कुठे चाकरीला होता, हे त्यात त्याच्याच तोंडून उतरवलेलं असतं.

अंदाजाने वाचलेली अक्षरं टिपणात चौकोनी कंसात घाला, शेजारी अभिलेखागाराचा क्रमांक आणि पान लिहा. दोन जॉन कार्टरांपैकी आपला कोणता हे ठरत नसेल, तर दोघांनाही टिपणात ठेवा आणि वंशवृक्षात त्या पिढीच्या वर काहीही जोडू नका.