सगळ्यांना सगळ्या रंगांच्या सारख्या चिप्स वाटू नका

'घरी पोकर खेळताय? चिप्स अशाच वाटा' अशा मथळ्याचा एक मेसेज बरेच दिवस फिरतो आहे. माझ्याकडे तो तीन वेळा आला आणि तिन्ही वेळा मी वाचून सोडून दिला. पण परवा माझ्या पुतण्याने त्यातला शब्द न् शब्द पाळून आठ जणांची टूर्नामेंट मांडली. पोरं सहा तास बसली. तेवढ्या वेळात एकच जण बाद झाला, आणि पहिल्याच तासात एका चिपेवरून पेटलेल्या भांडणातून शेवटी दोघे ताडकन उठून गेले. रात्री त्याचा फोन आला, "काका, आमचं चुकलं कुठे?" पोरांचं काही चुकलं नव्हतं. चुकीचं आहे ते त्या मेसेजमध्ये, आणि आता ते सोडून देणं मला जमणार नाही.

मेसेजचा पहिला आणि सर्वांत लाडका मुद्दा असा: 'संचातल्या प्रत्येक रंगाच्या चिप्स सगळ्यांना समान वाटा, म्हणजे कुणावर अन्याय होत नाही.' पुतण्याकडे 500 चिप्सचा संच होता. 25, 100, 500, 1,000 आणि 5,000 असे पाच रंग, प्रत्येकी 100. आठ जणांत वाटल्यावर प्रत्येकाला प्रत्येक रंगाच्या 12 मिळाल्या. आता बेरीज करा. 25 च्या बारांचे 300, 100 च्या बारांचे 1,200, 500 चे 6,000, हजारांचे 12,000 आणि पाच हजारांचे 60,000. एकूण 79,500. म्हणजे स्टॅकच्या (एकाकडच्या सगळ्या चिप्सच्या) चार हिश्शांतले तीन हिस्से त्या शेवटच्या बारा चिप्समध्येच अडकले, आणि सुट्टे म्हणता येतील असे फक्त 1,500 उरले.

ब्लाइंड, म्हणजे प्रत्येक डावाला दोघांनी आधीच टाकायच्या रकमा, होते 25/50; त्यातला मोठा तो बिग ब्लाइंड. म्हणजे प्रत्येकाकडे 1,590 बिग ब्लाइंड! घरच्या टूर्नामेंटला 100 बिग ब्लाइंड भरपूर होतात, 200 म्हणजे चैन. इथे त्याच्या आठपट. त्यात मेसेज सांगतो की ब्लाइंड तासाने दुप्पट करा. सहाव्या तासाला ते 800/1,600 झाले, तरी टेबलावर राहिलेल्या प्रत्येकाकडे सरासरी 50 हून जास्त बिग ब्लाइंड शिल्लक होते. मग घाई कोण करणार? टूर्नामेंट संपायची कधी, याचा एक साधा अंदाज असतो: टेबलावरच्या सगळ्या चिप्स मिळून 20 बिग ब्लाइंडच उरले की खेळ आवरत येतो. इथे एकूण 6,36,000 होते, म्हणजे बिग ब्लाइंड 30 हजारांच्या आसपास जायला हवा. तासाला दुप्पट या हिशेबाने तिथवर पोचायला नऊ-दहा तास लागतात. ही मुलं सहाव्या तासाला वैतागली, यात त्यांचा काय दोष?

आणि 'अन्याय' हा शब्द इथे आलाच कुठून? अन्याय होत नाही तो बेरीज सारखी असल्यामुळे. प्रत्येकाला 25 च्या आठ, 100 च्या आठ, 500 च्या चार आणि हजाराच्या सात दिल्या तरी प्रत्येकाकडे 10,000 च येतात, आणि तेही 27 चिप्समध्ये. सगळ्या रंगांची संख्या एकमेकींशी जुळायची काही गरज नाही, कारण प्रत्येक रंगाचं काम वेगळं. लहान चिपेने ब्लाइंड भरायचे आणि सुट्टे द्यायचे. मधल्या चिपांनी रोजचं रेज-कॉल चालवायचं (कॉल म्हणजे समोरच्याइतकंच टाकणं, रेज म्हणजे त्याहून वाढवणं). सर्वांत मोठी चिप तर सुरुवातीला टेबलावर यायलाच नको. ती नंतर लहान चिप्स गोळा करताना बदल्यात द्यायला ठेवायची असते.

भांडण कशावरून झालं तेही सांगतो, कारण ते याच वाटपातून आलं. एकाचे सुट्टे पहिल्या काही पॉटमध्येच (डावाला मध्ये जमणाऱ्या चिप्समध्ये) गेले. समोरून 50 ची बेट (लावलेली रक्कम) आली, त्याने तोंडातून शब्द न काढता 5,000 ची अख्खी चिप पुढे टाकली. त्याला कॉल करायचा होता, बाकीचे परत मिळतील असं त्याने धरलं. समोरचा म्हणाला, टाकलीस ती रेज झाली. आणि मेसेजचं पान उघडून त्याने दाखवलंसुद्धा: 'जेवढी चिप टाकली तेवढी बेट समजा.'

हे साफ खोटं आहे. पोकरच्या टूर्नामेंटचे नियम सगळीकडे सारखे असावेत म्हणून 2001 मध्ये टूर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशन स्थापन झाली. तिच्या नियमावलीत हे स्पष्ट आहे. समोर बेट किंवा ब्लाइंड असताना खेळाडूने आधी 'रेज' असं तोंडी न म्हणता एकच मोठी चिप पुढे सरकवली, तर तो कॉल धरायचा. त्या चिपेची किंमत कितीही असो, ती त्याची शेवटची चिप असो, तरी कॉलच. त्या मुलाचा 50 चा कॉल होता, 4,950 त्याला परत मिळायला हवे होते. त्याऐवजी मेसेज दाखवून त्याचे 5,000 पॉटमध्ये ओढले गेले. दोन मित्रांत जी कटुता आली ती या एका ओळीमुळे. हा मेसेज पुढे पाठवणाऱ्यांनी निदान ही ओळ तरी खोडावी. त्याच नियमावलीत असंही आहे की मोठ्या किमतीच्या चिप्स समोर, सगळ्यांना दिसतील अशा ठेवायच्या. घरच्या खेळात हे कुणी पाळत नाही, पण ऑल-इनच्या (सगळ्या चिप्स लावण्याच्या) वेळी 'तुझ्याकडे एवढे होते हे मला दिसलंच नाही' हा वाद त्यानेच मिटतो.

दुसरा मुद्दा: 'स्टॅक जितका मोठा, तितका खेळ चांगला. वर्ल्ड सिरीजमध्येसुद्धा 60,000 देतात.' देतात, खरं आहे. पोकरच्या या जागतिक स्पर्धामालिकेच्या मुख्य स्पर्धेला, म्हणजे मेन इव्हेंटला, 2003 मध्ये 10,000 मिळायचे, 2019 ला 60,000 होते. पण 2019 मध्ये त्या टेबलांवर 8,569 जण होते, ब्लाइंडचा एकेक टप्पा दोन तासांचा होता आणि स्पर्धा आठवड्याहून जास्त चालली. आपल्याकडे एक संध्याकाळ असते. शिवाय नुसत्या आकड्याला अर्थ नाही. 250/500 च्या ब्लाइंडला 50,000 आणि 50/100 ला 10,000, दोन्ही 100 बिग ब्लाइंडच. स्टॅक कधीही बिग ब्लाइंडने भागून बघायचा, मगच तो मोठा की लहान ते कळतं.

तिसरा: '5, 10, 25, 50, 100 असे जास्तीत जास्त प्रकार ठेवा, हिशेब अचूक होतो.' उलट हिशेब अडतो. 10 च्या चिप्सनी 25 भरताच येत नाहीत, 5 ची लागतेच. 50 ची चिप 25 आणि 100 च्या मध्ये येऊन फक्त एक चिप वाचवते, आणि त्या बदल्यात सगळ्यांना आणखी एक रंग लक्षात ठेवायला लावते. दोन लगतच्या चिप्समध्ये चौपट-पाचपट अंतर असलं की हात आणि डोकं दोन्ही भरभर चालतात: 25, 100, 500. पुढे 1,000 दुपटीवर येते, कारण 500 वरून थेट 5,000 म्हणजे दहापट उडी होते. एका वेळी टेबलावर चार रंग, बस्स.

चौथा मुद्दा कलर-अपचा, म्हणजे लहान चिप्स मध्येच काढून घेऊन मोठ्या देण्याचा. मेसेज म्हणतो, 'गरज नाही, त्यात लोकांचं नुकसान होतं.' इथे एक गोष्ट मला कबूल करावी लागते, मनात नसताना. कॅश गेममध्ये, म्हणजे चिप्स थेट पैशांच्या असतात त्या खेळात, खरंच गरज नसते. तिथे ब्लाइंड वाढत नाहीत, लहान चिप शेवटपर्यंत कामाची असते. पण मेसेज कॅश गेम आणि टूर्नामेंट यांत फरकच करत नाही. टूर्नामेंटमध्ये 200/400 ला पोचल्यावर 25 ची चिप कशाला हवी? लोक तिच्या ढिगाऱ्यांतून सुट्टे मोजत बसतात आणि प्रत्येक डावाला मिनिटं जातात.

नुकसानीचं म्हणाल तर नियमाने तेही सांभाळलेलं आहे. चारच्या पटीत न बसणाऱ्या सुट्या 25 च्या चिप्ससाठी, एका चिपेला एक पत्ता असं उघडं वाटायचं. मोठ्या पत्त्याला 100 ची चिप. एका खेळाडूला एकापेक्षा जास्त मिळत नाही, आणि यात कुणी बाद होऊ शकत नाही. ज्याच्याकडे काहीच उरत नाही त्याला खेळात असलेली सर्वांत लहान चिप द्यावीच लागते. घरी तर याहून सोपं करता येतं: सुटे असतील त्या प्रत्येकाला वरच्या शंभरापर्यंत पुरे करून द्या. एकाला जास्तीत जास्त 75 फुकट मिळतील. आठांना मिळून 600, तेही 80,000 मधले. एक टक्कासुद्धा नाही.

चिप्स पुरत नाहीत, ही तक्रारही मेसेजमध्ये आहे: 'माणशी किमान 50 हव्यात.' वर सांगितलेल्या 27 च्या वाटपाला आठ जणांत 216 लागतात. म्हणजे पुतण्याच्याच संचात 284 पेटीत राहतात. 25 च्या चौसष्ट जेव्हा काढायच्या तेव्हा त्यांचे 1,600 होतात, म्हणजे 100 च्या सोळा. आणि 100 च्या 36 पेटीत शिल्लक आहेतच. रंग कमी पडला तर 'पांढरी आधी 25, मग 1,000 धरा' हा सल्ला तर वाचायच्याही लायकीचा नाही. एका रात्रीत एका रंगाची किंमत एकच.

रिबाय, म्हणजे चिप्स संपल्यावर पुन्हा विकत घ्यायचा स्टॅक, लहान चिप्समध्ये द्या म्हणतात, तेही नको. हजाराच्या दहा द्या, शेजारी मोडून देतो. जड चिप म्हणजे खरी कसिनोची चिप, हेही उगीच. घरच्या संचांतल्या 11.5 ग्रॅमच्या चिपेत आत धातूची चकती असते. कसिनोतल्या मातीच्या चिप्स सहसा त्याहून हलक्या.

पुतण्याला मी टप्पे लिहून दिले आहेत, वीस-वीस मिनिटांचे: 25/50, 50/100, 75/150, 100/200, 150/300, इथे 25 बाहेर. मग 200/400, 300/600, 400/800, 600/1,200, 800/1,600, इथे 100 बाहेर. पुढे 1,000/2,000, 1,500/3,000, 2,000/4,000. शेवटचा टप्पा बरोबर चार तासांनी लागतो, आणि तेव्हा टेबलावरचे 80,000 म्हणजे 20 बिग ब्लाइंड होतात. कॅश गेमचंही त्याने विचारलं. ब्लाइंड 1/2 असतील तर 200 चा स्टॅक: 1 च्या वीस, 5 च्या सोळा, 25 च्या चार. तिथे लहान चिप्स जास्तच लागतात, आणि त्या कुणी काढून घ्यायच्या नाहीत.