गुडाकेश आणि माझ्या झिंज्या

माझे केस कुरळे आहेत म्हणणं म्हणजे जुलैत मुंबईत जरा दमट असतं म्हटल्यासारखं. लहानपणी आज्जी पुढ्यात बसवून अर्धी वाटी खोबरेल ओतायची नि वरून "झिंज्या गं बाई झिंज्या" चालू, आई म्हणायची झिपऱ्या, शेजारच्या काकू पिंजलेला कापूस, शाळेत पोरं तर सरळ मॅगीच. एवढी श्रीमंत आपली मराठी पण असल्या केसांसाठीचे सगळे शब्द ओरडतानाच वापरायचे. त्यातल्या त्यात सभ्य 'कुरळे', तो संस्कृतातल्या 'कुरल'चा नातेवाईक, म्हणजे कपाळावर रुळणारी बट. बट म्हणे! इथे एक बट रुळते तेव्हा बाकीच्या दोनशे मिळून कंगव्याचे दात पाडत असतात.

परवा एका लग्नासाठी पार्लरला गेले तर तिथली ताई म्हणाली, "मॅडम, स्ट्रेट करून टाकू ना, छान दिसेल." म्हणजे आत्ता दिसत नाही हे ओघानं आलंच. दीड तास इस्त्री. त्या उष्णतेनं केसातले हायड्रोजन बंध तुटतात आणि पाणी लागलं की परत जुळतात, हे बारावीत नीट ऐकलं असतं तर पैसे वाचले असते, कारण हॉलच्या गेटपाशी रिक्षातून उतरले, पाऊस आला, आणि अक्षता पडेपर्यंत मी होते तशी झाले.

तिकडं अमेरिकेत 1960 च्या दशकात कितीतरी कृष्णवर्णीयांनी केस सरळ करायचं सोडून डोक्याभोवती मस्त गोल फुलवले, त्याला आफ्रिकेवरून 'अफ्रो' म्हणायला लागले. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या अँजेला डेव्हिसचा जुना फोटो बघा, काय रुबाब! त्यांची लढाई खरी होती, माझी नुसती कंगव्याशी, तुलनाच नको, पण आपल्याकडे असा रुबाबदार शब्द का नाही म्हणून मी पंगतीत कुरकुरत होते.

शेजारी बाबांचे मामा. म्हणाले, "आहे की! गुडाकेश!" गीतेच्या दहाव्या अध्यायात कृष्ण अर्जुनाला म्हणतो तेच. गुडाका म्हणजे झोप, तिचा ईश, झोप जिंकलेला, हा नेहमीचा अर्थ. पण काहीजण दुसरी फोड करतात, गुड म्हणजे गोळा (आपला गूळ त्यातलाच), म्हणजे दाट, गोळा झालेल्या केसांचा. माझ्या हातातली जिलबी हातातच राहिली. अर्जुन! माझ्या पार्टीतला!

घरी आल्या आल्या जाहीर केलं, आजपासून झिंज्या बंद, गुडाकेशी म्हणायचं.

आई भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "आधी पहिला अर्थ जमव. साडेनऊला उठतेस."