जर्सी भिरकावणाऱ्या पोरा, हे तुझ्यासाठी

काल रात्री आपल्यातल्याच एका पोराचा व्हिडिओ फिरत फिरत माझ्यापर्यंत आला. आपला टोरोंटोचा आइस हॉकी संघ, मॅपल लीफ्स, फ्लोरिडाकडून प्लेऑफची सातवी, म्हणजे निर्णायक मॅच ६-१ने हरला आणि हा बहाद्दर अंगातली निळी जर्सी काढून रिंकवर भिरकावतोय. खाली लाइकचा पाऊस. 'बरं केलंस भावा.' 'कचरा कचऱ्यात.' आज व्हिक्टोरिया डेची सुट्टी, पण सकाळपासून डोकं फिरलंय. लांबलचक लिहिणार आहे. ज्यांच्या मते आइस हॉकी म्हणजे गोऱ्यांची हाणामारी, त्यांनी इथूनच मागे फिरावं.

माझं २०१३चं पेढेप्रकरण जुन्या मंडळींना पाठ आहे. तरी पुन्हा सांगतो. १३ मे, बॉस्टनविरुद्ध त्यांच्याच गावात सातवी मॅच. आम्ही शेजारच्या आजोबांच्या बेसमेंटमध्ये. (आमचे म्हणजे मुलांचे आजोबा. गोरे आहेत, पण पंधरा वर्षं आजोबाच.) तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या पिरियडमध्ये आपल्या कादरीने गोल मारला, ४-१. मी म्हटलं, आता काय उरलंय, सकाळी ड्यूटी आहे, आणि घरी येऊन झोपलो. सकाळी आईने पाठवलेल्या पेढ्यांचा डबा घेऊन थेट त्यांच्या अंगणात. आजोबा लॉनला पाणी घालत होते. अंगात जर्सी रात्रीचीच. मी डबा पुढे केला, 'काँग्रॅच्युलेशन्स!' त्यांनी माझ्याकडे बघितलं, पेढ्यांकडे बघितलं, एक उचलला, सावकाश खाल्ला आणि विचारलं, 'यात वेलची आहे का?'

बस. गाडीत रेडिओ लावला तेव्हा कळलं. बॉस्टनने आधी एक गोल फेडला, मग शेवटच्या दीड मिनिटात ३१ सेकंदांच्या अंतराने आणखी दोन मारले आणि ओव्हरटाइममध्ये त्यांच्या बर्जरॉनने खेळ खलास केला. ५-४.

त्या माणसाने जर्सी भिरकावली नाही रे. माझ्या तोंडावर पेढाही भिरकावला नाही, आणि तो तर भिरकावण्यासारखाच होता.

मी दादरचा. रणजी ४२ वेळा जिंकलेल्या गावातून आलेला माणूस. इथे आल्यावर लोक सांगायचे, लीफ्सच्या नादी लागू नकोस, १९६७नंतर स्टॅनली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, नाही. मला वाटायचं, मग हे लोक बघतात तरी का? आजोबांनी पहिल्याच हिवाळ्यात, माझ्या ड्राइव्हवेवरचा बर्फ मला न विचारता काढता काढता, १९६७ ऐकवलं. २ मे, समोर माँट्रियल, सहावी मॅच. माँट्रियलमध्ये एक्स्पोचं जागतिक प्रदर्शन भरलं होतं आणि कप तिथेच जाणार असं जग धरून चाललं होतं. आपला संघ म्हाताऱ्यांचा. गोली (गोलकीपर) जॉनी बोवर ४२ वर्षांचा, दुसरा गोली सॉचक ३७चा. शेवटच्या मिनिटात आपण २-१ पुढे, माँट्रियलने जादा खेळाडू उतरवायला गोली बाहेर काढलेला, आणि आपला कोच इमलाक फेसऑफला, म्हणजे पक (हॉकीची चकती) टाकल्यावर ती जिंकायला, पाठवतो कोणाला, तर ४१ वर्षांच्या अ‍ॅलन स्टॅनलीला! पक निसटून कॅप्टन आर्मस्ट्राँगकडे आला, त्याने रिकाम्या गोलात सरकवला. ३-१. हे सांगताना आजोबांचं फावडं हवेतच राहायचं. तेव्हा ते शाळेत होते.

त्या रात्री बर्फावर टिम हॉर्टनही होता. होय, तोच. सकाळी तुम्ही रांगेत उभं राहून डबल-डबल कॉफी मागता ना, ते टिम हॉर्टन्स १९६४मध्ये लीफ्सच्याच या बचावपटूने काढलं. दहा दहा वर्षं त्याची कॉफी पिणाऱ्यांना नाव माणसाचं आहे हेही माहीत नसतं, आणि तेच काल ग्रुपवर '६७, ६७' म्हणून मीम टाकत होते.

तिकिटाचे पैसे काढायला घर गहाण ठेवावं लागतं, आणि प्लेऑफची सातवी मॅच आली की आपल्या वाघांच्या मांजरी होतात, हे मान्य. २-० आघाडीवरून सिरीज घालवली, पाचवी मॅचही घरच्याच रिंकवर ६-१नेच हरले, हेही मान्य. पुढे बोला.

आता तुला वाटेल, राग दाखवायचा कसा? तर सिटलर ऐक. आजोबांची जर्सी त्याचीच आहे, नंबर २७, कोपराला आजींनी घातलेला रफू. लीफ्सचा कॅप्टन डॅरिल सिटलर, ७ फेब्रुवारी १९७६, बॉस्टनविरुद्ध एका मॅचमध्ये ६ गोल आणि ४ असिस्ट (दुसऱ्याच्या गोलाला दिलेले पास). १० पॉइंट्स. आजतागायत कुणाला जमलेलं नाही. त्या काळात संघाचा मालक होता हॅरल्ड बॅलर्ड, फसवणुकीत तुरुंगवास भोगून आलेला. त्याच्या राज्यात १९७९च्या डिसेंबरमध्ये सिटलरचा जिवाभावाचा दोस्त लॅनी मॅकडोनाल्डला कोलोराडोच्या संघाकडे पाठवून दिलं. सिटलरने काय करावं? स्वतःच्या जर्सीवरचं कॅप्टनपदाचं 'सी' अक्षर उसवून काढलं. अक्षर तेवढं काढलं. जर्सी अंगात ठेवली आणि खेळायला उतरला.

मला हे लिहिताना काल रात्रीचा तुझा चेहरा आठवतोय आणि पुन्हा चीड येतेय. काल लीफ्सकडून खेळलेल्या मार्नरला शिव्या देताय तेही थांबवा. मार्कहॅमचा पोरगा आहे, इथल्याच रिंकवर वाढलेला. चुकला, सातव्या मॅचला गायब झाला, ठीक आहे. म्हणून त्याच्या घरापर्यंत जाणार?

जरा पाणी पिऊन आलो.

लीफ्सचं जुनं स्टेडियम, मॅपल लीफ गार्डन्स, आता किराणा दुकान झालंय, माहीत असेल. १९३१मध्ये, मंदीत, काही महिन्यांत उभं केलेलं. मजुरांनी पगाराचा काही भाग शेअर्समध्ये घेतला होता. आज खाली भाजी आणि ब्रेड, आणि एका रांगेत फरशीवर लाल ठिपका, जिथे मैदानाचा मध्य होता तिथे. एकदा आजोबांना घेऊन गेलो होतो. मला कोथिंबीर हवी होती. ते ट्रॉली धरून त्या ठिपक्यावर उभे राहिले. एक बाई 'एक्स्क्यूज मी' म्हणाली तरी हलेनात. मी जुडी घेऊन आलो, तेव्हा एवढंच म्हणाले, 'इथून पक टाकायचे.'

आणि लीफ्सचाच बचावपटू साल्मिंग. स्वीडनहून १९७३मध्ये आला, तेव्हा युरोपातले खेळाडू म्हणजे नाजूक, असं इथे म्हणायचे. १९८६मध्ये चेहऱ्यावर स्केट लागून दोनशेहून जास्त टाके पडले, तरी परत आला. नोव्हेंबर २०२२मध्ये त्याला शेवटचा मान दिला, तेव्हा एएलएसने, स्नायू निकामी करणाऱ्या आजाराने, वाचा गेली होती. शेजारी सिटलर उभा, रडत. त्यानेच साल्मिंगचा हात धरून वर केला. दोन आठवड्यांच्या आत साल्मिंग गेला. आजोबांनी तेव्हा टीव्हीचा आवाज बंद केला होता. का ते मी विचारलं नाही.

पोरा, तू पैसे भरून गेला होतास, तुझी जर्सी, तुझा राग. कायद्याने मला बोलायचा हक्क नाही. पण मी २०१३ला ४-१वर उठून झोपायला गेलेला माणूस आहे. त्यामुळे मला उगीच वाटतं की तुझ्याशी मीच बोलावं.

आज सकाळी कुंपणापलीकडे लॉनमोअरचा आवाज. बघतो तर आजोबा, अंगात २७ नंबर. मला काय बोलावं सुचेना. त्यांनी मशीन बंद केलं, माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं आणि म्हणाले, 'आज डबा नाही?'

बायको रवा भाजतेय. संध्याकाळी लाडू घेऊन जातोय. तूही ये, जर्सी नसली तरी चालेल.