‘सरकारचा छदामही न घेता’ म्हणे!

एक जुना फॉरवर्ड पुन्हा फिरतोय. पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगीने २,५०९ वाचनालयं बांधली, तीही पुस्तकांसकट आणि सरकारचा छदामही न घेता. त्याआधी गरिबाच्या हाती पुस्तक पडतच नव्हतं. थोडक्यात काय, तर सरकारला जमत नाही ते एक शेठ करून दाखवतो. खाली हात जोडलेल्यांची रांग.

आकडा बरोबर आहे. बाकीचं बघू.

‘छदामही न घेता’ हे तर साफ उलटं. कार्नेगीकडे गावाने अर्ज करायचा आणि त्याचा सेक्रेटरी जेम्स बर्ट्रम तो काटेकोर तपासायचा. जागा गावाची. शिवाय देणगीच्या दहा टक्के रक्कम दरवर्षी वाचनालयावर खर्च करू, असं नगरपालिकेने लिहून द्यायचं, आणि ती रक्कम करातून उभी करायची. म्हणजे १०,००० डॉलर हवे असतील तर दरसाल १,००० डॉलरची तरतूद दाखवा, नाहीतर विषय संपला. हिशेब करा: दहा वर्षांत गावाने देणगीएवढे पैसे ओतलेले असायचे आणि पुढेही ओतत राहायचे. माझ्या मते माणसाची खरी हुशारी या अटीत होती. नुसती इमारत बांधून दिली की तिचं काय होतं, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. निधीतून बांधलेली, फीत कापलेली आणि तेव्हापासून कुलूप लागलेली अभ्यासिका तुमच्याही गावात असेल.

‘पुस्तकांसकट’? पैसे सहसा इमारतीपुरतेच. पुस्तकं गावाने घ्यायची, ग्रंथपालाचा पगारही गावानेच द्यायचा.

‘त्याआधी नव्हतंच’ हेही खोटं. सार्वजनिक वाचनालयांचा ब्रिटिश कायदा १८५० चा आणि बॉस्टनचं करावर चालणारं वाचनालय १८५४ मध्ये उघडलं. कार्नेगीचं पहिलं वाचनालय, स्कॉटलंडमधल्या त्याच्या जन्मगावी, डन्फर्मलीनला, १८८३ चं.

आता फॉरवर्ड ज्यावर गप्प आहे ते. १८९२ मध्ये पेन्सिल्व्हेनियातल्या होमस्टेडच्या, कार्नेगीच्याच पोलाद कारखान्यात मजुरीकपातीवरून तंटा पेटला. मॅनेजर हेन्री फ्रिकने पिंकर्टन या खासगी पहारेकरी पुरवणाऱ्या कंपनीची ३०० हत्यारबंद माणसं नदीतून बोटींवर आणली. ६ जुलैला गोळीबार झाला, दोन्हीकडची माणसं मेली, शेवटी युनियन मोडली. मालक तेव्हा स्कॉटलंडमध्ये होता, पण फ्रिकच्या पाठीशी होता. सहा वर्षांनी त्याच होमस्टेडला वाचनालय मिळालं, पोहण्याच्या तलावासकट. बारा बारा तासांची पाळी करून कोण पोहणार होतं देव जाणे. वेस्ट व्हर्जिनियातल्या व्हीलिंगच्या मजुरांना होमस्टेडचा विसर पडला नव्हता. १९०४ मध्ये तिथल्या मतदारांनी कार्नेगीचे पैसे नाकारले.

मात्र दुसऱ्या टोकाची मंडळी ‘हे सगळं टॅक्स वाचवायला’ म्हणतात, तेही टिकत नाही. अमेरिकेत कायमचा आयकर १९१३ मध्ये आला, देणगीवरची सूट १९१७ मध्ये. नेमक्या त्याच वर्षी नव्या वाचनालयांना देणग्या देणं बंद झालं. शिवाय श्रीमंतांच्या मृत्यूनंतर त्यांच्या इस्टेटीवर जबर कर लावा, असं हा गृहस्थ १८८९ पासून लिहीत होता.

त्याला हे सुचलं कुठून, ती गोष्ट मात्र मला मनापासून आवडते. विणकराचा पोरगा, तेरा-चौदाव्या वर्षी सूतगिरणीत आठवड्याला १ डॉलर २० सेंटवर. पुढे तारेचा निरोप्या. कर्नल अँडरसन नावाचे गृहस्थ दर शनिवारी कामकरी पोरांना आपली पुस्तकं फुकट वाचायला देत. पुढे वाचनालयाचा कारभार वाढला आणि याच्यासारख्यांकडे वर्षाला २ डॉलर वर्गणी मागितली गेली. या पोराने थेट पेपरात पत्र लिहिलं आणि वर्गणी माफ करून घेतली.

फुकट वाचनालयाची ही अमेरिकी तऱ्हा आपल्या माणसाने पाहून उचलली होती. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बोलावून संस्थानात वाचनालयांचं जाळं विणलं, राज्याच्या तिजोरीतून आणि गावांच्या वाट्यातून. महाराष्ट्राच्या १९६७ च्या ग्रंथालय कायद्यात मात्र ग्रंथालय कराची तरतूदच नाही, सगळी भिस्त अनुदानावर. म्हणून आपल्याकडे लायब्ररी ‘लावावी’ लागते: आधी अनामत, मग महिन्याची वर्गणी, मग पुस्तक.