त्या रिंगणावर मीठ टाकू नका

पाऊस लागून राहिला की सोलापूरच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक फोटो फिरायला लागतो. हिरवळीवर कुत्र्याच्या छत्र्यांचं गोल रिंगण, आणि खाली मजकूर: "हे एका रात्रीत उमटलेलं रिंगण करणीचं आहे. आत पाय टाकू नका, मीठ टाका. गवत जळालंय म्हणजे खाली धन आहे. छत्र्या मात्र औषधी आहेत. चांदीचं नाणं घालून शिजवा, काळं पडलं नाही तर खुशाल खा." जुळे सोलापूरपासून होटगी रोडपर्यंत लोक हे पुढे ढकलतात. यातलं शेवटचं वाक्य जिवावर बेतू शकतं, म्हणून हे लिहितोय.

"एका रात्रीत उमटलं." छत्र्या एका रात्रीत वर येतात, एवढं खरं. पण आंब्याला कैऱ्या लागल्या म्हणून झाड काल उगवलं असं कुणी म्हणत नाही. छत्री हे बुरशीचं फळ. तिचं खरं अंग म्हणजे जमिनीतलं पांढऱ्या धाग्यांचं कवकजाल, आणि ते कित्येक महिने, कधी वर्षानुवर्षं आधीपासून तिथे असतं. पुरलेलं खोड, जुनी मुळं किंवा शेणखत अशा एखाद्या जागी ते रुजतं आणि चहूबाजूंनी सारख्या वेगानं पसरतं. मधलं अन्न संपतं, जिवंत कड बाहेर सरकते, आणि छत्र्या त्या कडेवरच येतात. गोल होतो तो असा. सोलापुरात सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबरात पडतो, पाणी मुरून जमीन ओली राहते, त्यामुळे हे फोटोही त्याच सुमारास वाढतात. फ्रान्समध्ये बेलफोरजवळचं एक रिंगण सुमारे ६०० मीटर व्यासाचं आहे. त्याचं वय ७०० वर्षांच्या घरात मानतात.

"करणी आहे." इंग्लंडात म्हणायचे पऱ्या नाचल्या, जर्मनीत चेटकिणी, आल्प्समधल्या टायरोलच्या डोंगरात ड्रॅगनची शेपटी टेकली. गोष्टी म्हणून मला त्या आवडतात. पण हृदयरोगावर डिजिटॅलिस या वनस्पतीचा उपयोग दाखवून देणाऱ्या इंग्रज डॉक्टर विल्यम विदरिंगनं १७९२ मध्येच रिंगणाखालची माती उकरून बुरशी दाखवली होती. आपल्याकडे करणीचा संशय शेवटी कुणातरी माणसावर जातो, बहुतेक वेळा शेजारच्या एकट्या बाईवर. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं असा आळ घेऊन कुणाला छळणं हा गुन्हा आहे.

"गवत जळालं, खाली धन आहे." खुरप्यानं दोन-तीन इंच उकरून बघा. कडेच्या मातीत पांढरट धाग्यांचं जाळं दिसेल, कुबट वास येईल, आणि भर पावसातही ती माती कोरडी लागेल. जाळं दाट झालं की पाणी आत मुरत नाही, गवताची मुळं सुकतात. तिथंच लगतचा पट्टा मात्र गर्द हिरवा असतो, कारण बुरशी कुजवलेल्या अन्नातला नायट्रोजन मोकळा करते. मीठ टाकलंत तर उरलेलं गवत जाईल, बुरशी खाली राहील. दाताळ्यानं जमिनीला भोकं पाडा आणि भरपूर पाणी द्या. आत पाय टाकल्यानं काही होत नाही.

आता नाण्याचं. चांदी काळी पडते ती गंधकाच्या संयुगांमुळे. निरुपद्रवी अळंबीनंही ती पडू शकते आणि विषारीनं पडेलच असं नाही. किड्यांनी किंवा शेळीनं खाल्लं म्हणून माणसाला चालतं, हेही खोटं. हिरवळीवर रिंगण करणारी एक मोठी पांढरी छत्री, क्लोरोफिलम मॉलिब्डायटिस, आपल्याकडच्या उष्ण भागात सर्रास उगवते. टोपीवर तपकिरी खवले, दिसायला अगदी खाण्यासारखी. खाल्ल्यावर एक ते तीन तासांत उलट्या, जुलाब आणि पोटात मुरडा. पिकलेल्या छत्रीची टोपी रात्रभर पांढऱ्या कागदावर पालथी ठेवली तर तिच्या बारीक बीजांची हिरवट भुकटी पडते. पण भुकटी पांढरी पडली म्हणून दुसरी छत्री खायची, असा अर्थ काढू नका. मरण आणणाऱ्या काही जातींची भुकटी पांढरीच असते, आणि त्यांचा त्रास सहा तासांनंतर सुरू होतो.

लहान मुलानं चघळली असेल तर मीठपाणी पाजून उलटी काढत बसू नका. उरलेली छत्री देठासकट कागदात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, आणि ती घेऊन थेट दवाखाना गाठा. किती वाजता खाल्ली हे डॉक्टरांना आधी सांगा.