खडकीच्या त्या मेसेजबद्दल जरा खुलासा

दापोली-खेडच्या सगळ्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय, की खडकीचं सैनिकांचं घर इंग्रजांनी १९१७ मध्ये बांधलं आणि कुठल्याही रिटायर फौजीला म्हातारपणी तिथे फुकट राहता येतं. आमच्या आळीतले एक काका तर बॅग भरायला निघालेले, म्हणून लिहितोय.

अहो, दोन संस्थांची खिचडी केलीय यात. १९१७ वाली ती क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट, पहिल्या महायुद्धात हातपाय गेलेल्या जवानांना काहीतरी हुन्नर शिकवून पोटापाण्याला लावायला तेव्हाच्या मुंबईच्या गव्हर्नरच्या पत्नी लेडी विलिंग्डननी काढलेली, आणि तीपण सुरू झाली मुंबईत, खडकीला नंतर गेली. ती शिकायची जागा, वृद्धाश्रम नव्हे. राहायचं घर म्हणजे पॅराप्लेजिक सेंटर, ते १९७४ चं, म्हणजे इंग्रज जाऊन २७ वर्षं झाल्यावरचं! तिथे पाठीच्या मण्याला इजा होऊन कमरेखाली किंवा मानेखाली लुळे पडलेले जवान असतात, काहीजण तोंडात ब्रश धरून चित्रं काढतात. नुसतं वय झालं म्हणून तिथे खोली मिळत नाही.

आणि मेसेजमध्ये जे लाल कोटवाले आजोबा दाखवलेत ते खडकीचे नव्हेतच, ते लंडनच्या चेल्सीचे, तिथलं म्हाताऱ्या फौजींचं घर इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाने १६८२ मध्ये काढलेलं.

रत्नागिरीला कॅन्टीन-पेन्शनच्या कामाला गेलात तर सैनिकी विश्रामगृह आहे, पण तेही चार दिवसांपुरतं. काकांनी बॅग परत माळ्यावर टाकलीय.